बिनकामाचा तास

आमच्या वर्गात नाव घालायला नवा मुलगा आला की मास्तर त्याला एकच प्रश्न विचारायचे. "येताना काय पाहिलंस?" इंग्रजी कुठवर झालंय, गणित कसं आहे, वडील काय करतात, यातलं काही नाही. मुलगा बिचारा बावरून म्हणायचा, "काही नाही." मग मास्तर त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवायचे आणि म्हणायचे, "असं? मग परत मांडवीपर्यंत जा आणि बघून ये." मुलगा वडिलांकडे बघायचा, वडील माझ्याकडे बघायचे, आणि मी टाइपरायटरची रिबन बदलत असल्याचं सोंग करायचो.

मांडवी बंदरापासून आमचा वर्ग काही हाकेच्या अंतरावर नव्हता. बाजारात एका तेलाच्या दुकानाच्या माडीवर आम्ही होतो. उन्हातून मुलगा बंदरापर्यंत जाणार, परत येणार, घामाने भिजलेला उभा राहणार आणि म्हणणार, "एक म्हातारी दारात कोकमाची सोलं वाळत घालत होती." मास्तरांचे डोळे लगेच चमकायचे. "सोलं कशी होती?" "लाल." "नुसती लाल? सगळी सारखीच?" आता मुलाच्या लक्षात यायचं, की हा माणूस आपल्याला आणखी एकदा पिटाळणार. मग तो आठवून आठवून सांगायचा, वरची काळपट होती, खालची ओली होती, म्हातारी ती उलथताना कावळ्याला शिव्या घालत होती. शिव्या कोणत्या तेही मास्तर विचारायचे. एवढं झालं की नाव दाखल.

मी हे सांगतोय ते कुठल्या चित्रकलेच्या शाळेबद्दल नव्हे. आमचा वाणिज्य वर्ग होता. एकोणीसशे तीसच्या आसपासचा तो काळ. रत्नागिरीच्या पोराने इंग्रजी चार बुकं वाचली की त्याने मुंबईला जाऊन कुठल्यातरी पेढीत चिकटायचं, हे त्याच्या जन्माच्या वेळीच ठरल्यासारखं असे. त्याआधी टायपिंग, लघुलेखन, जमाखर्च आणि व्यापारी पत्रव्यवहार एवढं गाठीला असलं म्हणजे झालं. टायपिंग आणि लघुलेखन माझ्याकडे, जमाखर्च आणि पत्रव्यवहार मास्तरांकडे. सहा टाइपरायटर माझे होते, फळा आणि बाकं त्यांची. अशी आमची भागी.

मास्तर मूळचे केळशीचे. अंगात सदा एक बंद गळ्याचा कोट, त्याच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात भाजलेले काजूगर. बोलण्याच्या भरात त्यांचा हात चुकीच्या खिशात जायचा. खडूचा तुकडा तोंडात टाकून तो चावत चावत पुढचं वाक्य पुरं करताना मी त्यांना पाहिलेलं आहे. काजूने फळ्यावर लिहायचा प्रयत्न तर वरचेवर होई. मुलं हसली की ते मागे वळून विचारायचे, "कशाला हसलात? सांगा, मलाही हसू दे." आणि कारण कळलं की सर्वांत जास्त तेच हसायचे. मला ते 'यंत्रमहर्षी' म्हणत. मी त्यांना तोंडावर मास्तर म्हणत असे आणि मनात जे म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भांडणाचं मूळ होतं शनिवारचा शेवटचा तास. आठवडाभर मास्तर जमाखर्च शिकवायचे आणि चांगला शिकवायचे, हे मला कबूल केलं पाहिजे. पण शनिवारी शेवटच्या तासाला त्यांच्या अंगात यायचं. कधी एखाद्या संस्कृत नाटकातला प्रवेश मुलांकडून करवून घेत. कधी फळ्यावर आपला किनारा काढून, अरबांची गलबतं इथे काय न्यायला येत आणि काय ठेवून जात, ते सांगत बसत. एकदा तर शिमग्यात नमनाचे खेळ करणाऱ्या एका गड्याला बोलावून आणला होता आणि अख्खा तास चर्चा एकच, की हा माणूस रंगात यायच्या आधी थोडा वेळ गप्प का उभा राहतो. आणखी एकदा त्यांनी जमाखर्चाचं उदाहरण घातलं, की एका राजाने स्वप्नात आपलं राज्य दान केलं, तर सकाळी त्याच्या कारकुनाने ते खर्ची घालावं की नाही? यावर मुलांमध्ये दोन तट पडले आणि खालचा तेलवाला वर येऊन विचारता झाला, की मारामारी कुणाची आहे.

मी एकदा वैतागून म्हणालो, "मास्तर, वर्गाच्या वेळापत्रकात या तासाला नाव तरी काय द्यायचं? बिनकामाचा तास?"

माणूस रागावेल असं मला वाटलं. मास्तर उठले आणि त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकात शनिवारच्या शेवटच्या चौकटीत सुरेख अक्षरात लिहिलं, 'बिनकामाचा तास'. "काय नाव काढलंत," म्हणाले, "आम्हाला इतकी वर्षं सुचलं नव्हतं." त्या दिवसापासून तेच नाव गावभर झालं, आणि ते माझ्यामुळे झालं याचा मला मनस्वी त्रास होत असे.

"अहो, पेढीला हवं काय असतं?" मी त्यांच्याशी वाद घालायचो. "पेढीला हात हवा असतो. नीट चालणारा, चुका न करणारा. बाकीचं तिथे कोण विचारतं?"

"अगदी खरं," मास्तर म्हणायचे, "पेढीला हातच हवा असतो. पण हाताबरोबर सबंध मुलगा जातो ना मुंबईला. त्याचं काय करायचं?"

असं काही बोलले की मी कौलांची गोष्ट काढायचो. मास्तरांचा एक लाडका विद्यार्थी इथल्याच एका व्यापाऱ्याकडे काही दिवस काम करत होता. समुद्राला उधाण असल्यामुळे मंगलोरी कौलं उशिरा येतील, एवढं त्याने एका घरमालकाला कळवायचं होतं. पठ्ठ्याने दोन पानं पत्र लिहिलं. त्यात वारा होता, लाटा होत्या, बंदरात नांगरून पडलेल्या गलबतांची करकर होती. कौलं मात्र कुठेच नव्हती. घरमालक पत्र घेऊन व्यापाऱ्याकडे आला आणि म्हणाला, वाचून डोळ्यांत पाणी आलं, पण माझ्या घरावर छप्पर कधी चढणार? ही गोष्ट मी वर्षातून निदान चारदा तरी ऐकवायचो, आणि मास्तर दर वेळी शांतपणे म्हणायचे, "समुद्र तर पोचला ना त्याच्यापर्यंत? कौलं काय, येतील हो मागाहून."

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत आम्ही बसलो होतो. तरुणपणी ते स्वतः मुंबईच्या एका पेढीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर होते. कित्येक वर्षं. एकदा सुट्टीवर केळशीला आले असताना त्यांच्या आजारी वडिलांनी अंथरुणावरून विचारलं, "कशी आहे रे मुंबई? सांग तरी काहीतरी. मी कधी पाहिली नाही." आणि मास्तरांना काही सांगता येईना. "मी तोंड उघडलं," मास्तर म्हणाले, "आणि आतून पेढीच्या पत्रातली वाक्यंच यायला लागली. मुंबई ठीक आहे, हवामान बरं आहे, कामकाज नियमित चालू आहे. वडिलांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग कूस बदलली." एवढं बोलून त्यांनी खिशातून काजू काढून मला दिला. तो खडू निघाला, पण तेव्हा मला हसावंसं वाटलं नाही.

आता तांडेलांबद्दल सांगायला हवं. मुंबईची आगबोट त्या वेळी धक्क्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, घालून तिच्यापर्यंत न्यावं लागे. मांडवीच्या अशाच एका पडावाचं सुकाणू सांभाळणारे हे तांडेल. आवाज वाऱ्यावर बोलून बोलून चढलेला, त्यामुळे ते माडीवर येऊन साधी चौकशी करू लागले तरी खाली तेल घेणारी माणसं वर बघत. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच पडावातून मुंबईला गेली होती. आपला मुलगाही जाणार, पण तो कोट घालून बोटीत बसणार, वल्हं मारायला नव्हे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मुलाला घेऊन ते आले तेव्हा मास्तरांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकलाच. मुलगा उत्तर देण्याआधी तांडेल म्हणाले, "त्येनं काय पायलान ते ऱ्हाऊ दे मास्तर. त्येला मशिनीवर बसवा, हिसाब शिकवा. तुमची ती शनवारची नाटकं मात्र आमाला नकोत. आधीच सांगून ठेवतो."

मास्तरांचा चेहरा पडला, पण ते बरं म्हणाले. त्यामुळे तांडेलांचा मुलगा शनिवारी शेवटच्या तासाला माझ्या टाइपरायटरवर बसायचा. शेजारच्या खोलीतून हशा यायचा, कुणीतरी राणी होऊन बारीक आवाजात रडत असायचं, आणि हा पोरगा मान वर न करता टकटक टकटक करत राहायचा. असा हात मी दुसरा पाहिला नाही. कागदावर खाडाखोड नाही, समास सरळ, परिच्छेदाच्या सुरुवातीला मोकळी जागा नेहमीपेक्षा जरा जास्त सोडायची, ही माझी खास लकब त्याने जशीच्या तशी उचलली होती. मुंबईच्या एका मोठ्या पेढीत तो चटकन लागला. मी चार दिवस गावातून छाती काढून फिरत होतो.

त्या पेढीचे व्यवस्थापक मूळचे लांज्याकडचे. आपल्याकडची मुलं घ्यावीत ही त्यांची ओढ, म्हणून दर वर्षी आमच्या वर्गातली दोन-तीन मुलं ते नेत असत. आमचा वर्ग उभा होता तो या माणसाच्या शब्दावर, असं म्हटलं तरी चालेल. पुढच्या हंगामात ते गणपतीपुळ्याच्या दर्शनाला म्हणून आले आणि आम्हाला निरोप आला, की वर्गात येतो, पालकांनाही बोलवा, थोडं बोलायचं आहे. मी बाकं पुसून घेतली. मास्तरांनी कोट झटकला आणि त्यातून खडूचा ढग निघाला.

व्यवस्थापक आले ते हसले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी खिशातून एक कागद काढला. पेढीचा मालवणचा एक जुना व्यापारी होता, त्याचे वडील वारले. त्याने तसं पेढीला कळवलं. पेढीतून दुखवट्याचं पत्र जायला हवं होतं, ते आमच्या वर्गातून गेलेल्या एका मुलावर सोपवलं होतं. पत्र इंग्रजीत. व्यापाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दहाव्याला जमलेल्या माणसांसमोर त्याने ते शाळामास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतलं. "काय वाचलं गेलं, ते मराठीत सांगतो," व्यवस्थापक म्हणाले आणि एकेक वाक्य वाचू लागले.

"आपल्या तीर्थरूपांच्या निधनाचे पत्र सुस्थितीत पोचले, आभारी आहोत. सदर बाबीची नोंद करून घेतली आहे. यासंबंधी आपली काही तक्रार असल्यास आठ दिवसांच्या आत कळवावी. आम्हाला सेवेची अशीच संधी वरचेवर देत जावी, ही विनंती."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी फुसकन हसलं, आणि मास्तरांचा बांध फुटला. ते हसू लागले. तोंडावर उपरणं धरलं, भिंतीकडे वळले, तरी खांदे हलतच राहिले. "वरचेवर," एवढंच ते मधूनमधून म्हणत होते, "वरचेवर." व्यवस्थापकांचे कान लाल झाले.

"तुम्हाला हसू येतंय," ते म्हणाले. "मला मालवणला जाऊन त्या माणसाच्या पायरीवर बसून राहावं लागलं. मुलाचं नाव मी घेणार नाही. कामाला चोख आहे, त्याला मी ठेवलेला आहे. पण मला एवढंच सांगा, तुम्ही इथे शिकवता तरी काय?"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. पेढीत राहिलेली ती प्रत होती. ती उचलायचीही मला गरज पडली नाही. सरळ समास, एकही खाडाखोड नाही, आणि परिच्छेदाच्या आधी सोडलेली ती जादा जागा. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचं हसू थांबलं होतं. त्यांनाही कळलं होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून तांडेल उठले. "काय शिकवतात ते मी सांगतो सायेब. शनवारी नाटकं शिकवतात. राजा, राणी, तारे, वारे. मंग पोर पत्र असं न्हाय लिवनार तर कसं लिवनार? मी पयल्या दिवसापासून वरडतोय, हे बंद करा म्हनून."

"नाटकं? वाणिज्य वर्गात?" व्यवस्थापकांना हे नवीन होतं. बाकीच्या पालकांनाही कंठ फुटला. जो तो सांगू लागला, की आपल्या मुलाला मांडवीपर्यंत कसं उन्हातून पिटाळलं होतं.

मला राहवेना. हे पत्र लिहिणारा पोरगा त्या तासाला एकदाही बसला नव्हता, हे एक वाक्य बोललं की सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मी उठायला गेलो तर उठताच येईना. टेबलाखाली मास्तरांनी माझ्या पायावर पाय दिला होता आणि सगळं वजन त्यावर टाकलं होतं. चेहऱ्यावर मात्र काही नाही. ते तांडेलांकडे बघत म्हणाले, "बरं. तास बंद."

"पुढच्या वर्षी मुलं न्यायला येईन, तेव्हा तो बंद झालेला बघायला मला आवडेल," व्यवस्थापक म्हणाले आणि निघून गेले.

सगळे गेल्यावर मी मास्तरांवर तोंड सोडलं. माझा पाय सुजला होता, तेही सुनावलं. ते काजू शोधत होते. "अहो यंत्रमहर्षी," ते म्हणाले, "बाप समोर बसलेला. अख्खा गाव त्याच्या पडावातून येतो-जातो. उद्या प्रत्येक उतारूने त्याला विचारलं असतं, काय तांडेल, वरचेवर का? त्याने पोराला पुढच्या बोटीने परत आणला असता. तास काय, आज बंद आहे, उद्या उघडता येईल. पोराचं तसं नाही."

मास्तर शब्दाला पक्के. शनिवारी शेवटच्या तासाला आता मुलं टायपिंग करू लागली, म्हणजे मला हवं होतं तेच झालं. वेळापत्रकातली ती चौकट मास्तरांनी स्वतः चुन्याने पुसली. करायला काही नाही म्हणून त्या तासाला ते माझी यंत्रं साफ करू लागले. एकदा त्यांनी एका टाइपरायटरला अंगभर खोबरेल चोळलं. पुढे कित्येक दिवस त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पत्राला न्हाणीघराचा वास येत असे. मी रागावलो, पण पूर्वीसारखा जोर येईना. नवे मुलगे येत होते. मास्तर त्यांचं नाव, गाव विचारत आणि मुकाट्याने लिहून घेत. येताना काय पाहिलंस, हे विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. माझं सांगायचं तर, शेजारच्या खोलीतून कुणाचं रडणं नाही, भांडण नाही, अशा त्या शनिवारी मला इतकं उदास वाटायचं की मी वर्ग लवकर सोडू लागलो.

शिमग्याला मुंबईहून पोरं आली, त्यात तांडेलांचा मुलगाही आला. कोट घालून, मिशी फुटलेली. वर्गात येऊन पाया पडला आणि बाकावर बसून बोटांशी चाळा करू लागला. व्यवस्थापकांनी त्याची चंपी केली होती, आणि पुढचं त्याला गावात कळलं होतं.

"सर, माझ्या पत्रापायी मास्तरांचा तास बंद पडला म्हणतात. मी तर त्या तासाला बसलोच नव्हतो."

"हे मला सांगून काय उपयोग? तुझ्या वडिलांना सांग."

मास्तर आतून आले. "काही सांगायचं नाही," त्यांनी मुलाला दटावलं. "सणासुदीचा आला आहेस. पालखी नाचव, पोळ्या खा, आणि जा." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "मुंबईत ट्राममधून जाताना काय दिसतं रे?"

मुलगा म्हणाला, "पाहिलं नाही, मास्तर. आता बघीन."

सण संपला, रजा संपली. शनिवारी सकाळच्या बोटीने तो गेला. त्याच दिवशी शेवटच्या तासाला मुलं यंत्रांवर बसलेली, मी पाठीमागे हात बांधून फिरतोय, मास्तर खोबरेलाची बाटली शोधतायत, आणि जिन्यावर जड पावलं वाजली. तांडेल वर आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, पाय वाळूने भरलेले. सगळ्यांची बोटं थांबली.

ते कुणाकडे न बघता पुढच्या बाकावर जाऊन बसले. बराच वेळ खाकरत होते. मग त्यांनी आपल्या मानाने हळू आवाजात सुरुवात केली, म्हणजे फक्त माडीपुरतं ऐकू जाईल इतक्या.

"पोरानं पडावात सांगितलान. बोटीला लागायच्या जरा आधी. सुकानू माज्या हातात, उतारू भरलेले, मला हलताबी येईना. ते पत्र त्येचंच व्हतं, म्हनला. आन तुमी त्या दिवशी बोलला न्हाय."

"झालं गेलं," मास्तर म्हणाले.

"झालं गेलं कसं? तुमचा तास मी बंद केला. आता मीच सांगतो, चालू करा. त्या मुंबईच्या सायबाची फिकीर नको. तो माज्याच पडावातनं उतरनार हाय. किनाऱ्याला लागायच्या आधी मी त्येला सगळं समजावीन."

मुलं हसली. मला वाटलं, आता मास्तर उठून त्यांचा हात धरतील, काहीतरी गोड बोलतील. मास्तर उठले खरे, पण हात कोटाच्या खिशांत घालून त्यांच्यासमोर उभे राहिले. कित्येक महिन्यांत न पाहिलेली ती चमक मला त्यांच्या डोळ्यांत दिसली.

"तांडेल," मास्तर म्हणाले, "येताना काय पाहिलंत?"

"काय न्हाय."

"मग परत मांडवीपर्यंत जा. आणि बघून या."

मी डोळे मिटून घेतले. ज्या माणसाच्या हातात आमचा तास, त्यालाच हा गृहस्थ शाळकरी पोरासारखा पिटाळत होता. तांडेलांनी मास्तरांकडे रोखून पाहिलं. मग उठले आणि जिना उतरून गेले.

"संपलं," मी म्हणालो. "आता ते येत नाहीत. तास गेला आणि वर्गही गेला."

"येतील," मास्तर म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांनी काजू म्हणून खडू तोंडात टाकला, आणि या खेपेला त्यांना तो कळलाही नाही. मुलांना मी टायपिंग सुरू करा म्हटलं, कुणी हात लावला नाही. तास संपायची वेळ झाली, तरी कुणी उठेना. खालचा तेलवाला दुकानाच्या फळ्या लावू लागला.

आणि जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. या वेळी सावकाश. तांडेल दारातच थांबले.

"उशीर झाला," ते म्हणाले. "मांडवीला माज्या घरावरनंच जावं लागतं. मी या वक्ताला कधी घरी नसतो. पोराची आय पायरीवर बसली व्हती, दर्याकडं तोंड करून. बोट कवाच दिसंनाशी झाली. ती आपली बसलेली. तिच्यापुढं सुपात तांदूळ व्हते, तशेच. मी घरी असलो की ही चुलीपाशी असते, मला वाटायचं, पोर गेलं त्याचं हिला काय न्हाय."

त्यांनी चौकटीला हात टेकला.

"बोललो काय न्हाय मी तिला. बाजूला जाऊन बसलो जरा. म्हनून उशीर झाला."

मास्तरांनी फळ्यापाशी जाऊन सबंध फळा पुसला आणि मुलांकडे वळून म्हणाले, "मालवणच्या त्या माणसाचे वडील वारले आहेत. त्याला पत्र लिहायचं आहे. लिहा."

मुलं यंत्रं सोडून बाकांवर आली आणि त्यांनी कागद पुढे ओढले. तांडेल दारातून आत आले, पण पुढचं बाक आता भरलेलं होतं. मी माझ्या टाइपरायटरवर झाकण घातलं, मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि सरकून त्यांना जागा करून दिली.